जुन्या लुगड्याची पावती

भारताच्या आयकर कायद्यात जुन्या लुगड्याला किंमत नाही. पातेल्याला नाही, पाळण्याला नाही, आजोबांच्या आरामखुर्चीलाही नाही. तुम्ही ट्रकभर सामान एखाद्या संस्थेला दिलेत, संस्थेने शिक्का मारून आभाराचे पत्र दिले, अध्यक्षांनी शाल-श्रीफळ दिले, तरी त्या सामानाच्या नावावर करातून एक रुपयाही वजा होत नाही. पुष्कळांना हे ठाऊक नसते. आमच्या घरातल्या सुशिक्षित मंडळींनाही नव्हते, म्हणून हा लेख.

निमित्त झाले ते माझ्या पुतण्याचे. तो गेली वीस-बावीस वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. जाऊबाई गेल्यानंतर त्यांचे पनवेलचे घर रिकामे करायचे ठरले, तेव्हा त्याने फोनवर विचारले, "काकू, आईचे सामान एखाद्या आश्रमाला देऊन टाकू. पण पावती घ्या हं, इथे आम्ही घेतो तशी. टॅक्समध्ये दाखवता येईल." मी म्हटले, "अरे, इथे भांड्याकुंड्यांची पावती चालत नाही." त्याला ते खरे वाटेना. मग नेहमीच्या सवयीने मी वही-पेन्सिल घेऊन बसले, सनदी लेखापाल असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला चार शंका विचारल्या, आणि हळूहळू लक्षात आले की या एवढ्याशा प्रश्नामागे बराच मोठा इतिहास उभा आहे. पैशाचा आहे, तसाच दान या शब्दाचाही.

आधी आपल्याकडचे पाहू. आपल्या देशात आयकर आला १८६० साली. सत्तावनच्या उठावाने कंपनी सरकारची तिजोरी रिकामी केली होती, ती भरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थमंत्र्याने तो आणला. पुढे १८८६ चा कायदा झाला, मग १९२२ चा. पण दानधर्म करणाऱ्याला करात सवलत द्यावी ही कल्पना कायद्यात आली ती स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली. १९२२ च्या कायद्यात तेव्हा १५-बी हे कलम घातले गेले. त्याच वर्षी जानेवारीत फाळणीच्या निर्वासितांसाठी पंडित नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी सुरू झाला होता. देश नवा होता, सरकारचे हात तोकडे होते आणि लोकांच्या पुढाकाराची गरज मोठी होती. ती पार्श्वभूमी लक्षात घेतली की हे कलम का आले असेल ते समजते.

१९६१ साली नवा आयकर कायदा आला आणि त्यात १ एप्रिल १९६८ पासून आपल्या सर्वांच्या ओळखीचे कलम ८०जी लागू झाले. देणगीच्या पावतीवर बारीक अक्षरांत छापलेले असते ते हेच. आता मजा पाहा. कलमात शब्द होते 'देणगी म्हणून दिलेली रक्कम'. काही लोकांनी म्हटले, आम्ही रक्कम दिली नाही, वस्तू दिली, पण वस्तूलाही किंमत असतेच की. वाद न्यायालयांत गेले. निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी निरनिराळी मते दिली. अखेर १९७६ मध्ये कायद्यातच एक स्पष्टीकरण जोडून सांगितले गेले की देणगी पैशाच्या रूपात असेल तरच सवलत. तरी त्या आधीच्या वर्षांची प्रकरणे शिल्लक होतीच. श्री राम वर्मा यांचा खटला त्यांतलाच. त्यांनी कंपनीचे शेअर दान दिले होते. शेअर म्हणजे काही फाटके लुगडे नव्हे, त्याचा भाव रोज वर्तमानपत्रात छापून येतो. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध झाला तो असा, की कलमाचा अर्थ पहिल्यापासूनच 'रक्कम' असा होता आणि १९७६ च्या स्पष्टीकरणाने तो फक्त उघड करून सांगितला. विषय संपला. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला, त्यातही हीच अट कायम आहे.

पुतण्याचे म्हणणे मात्र त्याच्या जागी बरोबर होते. अमेरिकेत खरोखरच जुन्या कपड्यांची पावती चालते. तिथे दानावर सवलत आली १९१७ साली. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी कराचे दर भराभर वाढवले गेले. तेव्हा भीती अशी वाटली की धनिक मंडळी कर भरतील आणि महाविद्यालयांना, इस्पितळांना द्यायचे बंद करतील. म्हणून उत्पन्नाच्या पंधरा टक्क्यांपर्यंतचे दान करातून वजा करू दिले. त्यात वस्तूही बसत होत्या.

वस्तू गोळा करणाऱ्या संस्था तर त्याच्याही आधीच्या. एडगर हेल्म्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. १९०२ साली बॉस्टन शहरात त्यांनी सुखवस्तू वस्त्यांमधून जुने कपडे, जुने सामान गोळा केले, ते गरीब लोकांकडून दुरुस्त करून घेतले आणि विकले. दुरुस्त करणाऱ्याला मजुरी मिळाली आणि गरिबाला स्वस्तात कोट मिळाला. यातूनच 'गुडविल' ही संस्था उभी राहिली. मला यातले आवडले ते मधले पाऊल. वस्तू देणाऱ्याच्या हातातून थेट घेणाऱ्याच्या हातात गेली नाही. मध्ये कुणीतरी बसून तिला टाके घातले, बटणे लावली, इस्त्री केली. ती पुन्हा विकण्याजोगी वस्तू झाली आणि घेणाऱ्याने ती चार पैसे देऊन, निवडून, मान ताठ ठेवून घेतली.

पण जिथे पावती आली तिथे आकडा आला, आणि आकडा आला की माणसाचा मोह आला. जुन्या सदऱ्याची किंमत कोण ठरवणार? देणाराच! बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी, ऐंशीच्या दशकात, त्यांनी दान केलेल्या जुन्या अंतर्वस्त्रांची किंमत प्रत्येकी दोन डॉलर लावून ती करातून वजा केली होती. पुढे ती विवरणपत्रे उजेडात आली आणि सारी अमेरिका हसली. आता हसायचे कशाला? नियमात बसत होते ते. फक्त वापरलेली चड्डी हे दान होते का, हा प्रश्न नियमात कुठेच विचारलेला नव्हता. तो २००६ साली विचारला गेला. त्या वर्षीच्या कायद्याने ठरवले की कपडे आणि घरगुती वस्तू किमान 'चांगल्या वापरण्याजोग्या अवस्थेत' असल्या तरच सवलत. त्याच्या थोडे आधी जुन्या मोटारींनाही असाच लगाम घातला गेला होता. लोक मोडकी गाडी देत आणि पुस्तकातली भारी किंमत लावत. मग नियम आला की संस्थेने गाडी विकून टाकली तर साधारणपणे तिला जेवढे पैसे आले तेवढीच सवलत.

आणखी एक गंमत. २०१८ पासून अमेरिकेत सर्वांना मिळणारी सरसकट वजावट जवळजवळ दुप्पट झाली. त्यामुळे बहुतेक कुटुंबे वेगळा हिशेब दाखवीतच नाहीत. म्हणजे पुतण्या दर वर्षी ज्या पावत्या जपून ठेवतो त्यांचा त्याला उपयोग होतो का, हे त्यानेच एकदा तपासावे! (बाळा, वाचतो आहेस ना?) सरसकट वजावट घेणाऱ्यांनाही दानाची थोडीशी सवलत २०२६ पासून दिली आहे, पण ती फक्त रोख रकमेच्या देणग्यांना. म्हणजे शंभर वर्षे हिंडून अमेरिकाही या बाबतीत थोडीशी आपल्या ८०जी च्या ओट्यावर येऊन टेकली असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजांनी मात्र तिसरी वाट काढली. त्यांच्याकडे १९९० पासून 'गिफ्ट एड' नावाची योजना आहे. करदात्याने एक पौंड दिला की संस्था सरकारकडून आणखी पंचवीस पेन्स मागून घेते. ही योजनाही पैशापुरतीच. मग धर्मादाय दुकानात दिलेल्या जुन्या कपांचे काय? तर दुकान ते कप तुमच्या वतीने विकते, एवढे पैसे आले असे तुम्हाला कळवते, आणि ते पैसे तुम्ही संस्थेला दिलेत असे धरले जाते. कपाची किंमत देणाऱ्याच्या कल्पनेवर राहिली नाही, बाजाराने ती ठरवली. मला हे फार शहाणपणाचे वाटले.

आता प्रश्न असा, की आपल्याकडे इतकी वर्षे जुन्या वस्तूंचे होत काय होते? आमच्या पिढीला याचे उत्तर पाठ आहे. सुती लुगडे विरले की त्याची गोधडी व्हायची. गोधडीही फाटली की तिचे पायपुसणे. अगदी मऊ झालेला तुकडा निघाला तर तो बाळंतिणीच्या घरी जायचा, बाळाच्या दुपट्यासाठी आणि लंगोटासाठी. नवे कापड बाळाला टोचते. तेव्हा जुने कापड हे तिथे कमी प्रतीचे नव्हतेच, तेच उत्तम होते. पुढे नायलॉन आणि टेरिकॉट आले. त्यांची गोधडी नीट होईना. मग बोहारीण आली. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलची भांडी, आणि दारात बसून तासभर घासाघीस. दोन पँटी, एक साडी आणि वर एक शर्ट, तेव्हा कुठे एक डबा. पँटीला भाव जास्त. जरीच्या काठाकडे तिचे डोळे आधी जात. माझ्या सासूबाई आणि ती बोहारीण यांची जुगलबंदी ऐकायला शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बसत.

यात दान नव्हते. कुणी कुणावर उपकार करीत नव्हते. बोहारणीने तो कपडा उजेडाकडे धरून, ताणून, उलटासुलटा करून पाहिलेला असे. भोक निघाले की ती तोंडावर सांगे, "हे नको बाई." आपल्या जुन्या वस्तूला नको म्हणण्याचा अधिकार तिला होता. जुन्या वस्तूंच्या साऱ्या इतिहासात मला हा अधिकार सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि दानाच्या गठ्ठ्यात तोच नेमका हरवतो.

वस्तुरूप दानाची आपली परंपरा मात्र हलकी नाही, हेही सांगितले पाहिजे. माझा जन्म शिक्षणसंस्थांत गेला, म्हणून तिथलेच उदाहरण देते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथल्या मुलांसाठी 'मुष्टिफंड' असे. म्हणजे घरातल्या बाईने रोज दळणाआधी एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचे. एका मुठीला कोण पावती देणार? आणि एकदा वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे कर्मवीरांच्या पत्नीने, मंगळसूत्र विकायला काढून दिले. ही गोष्ट मी वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होत. आयकराच्या भाषेत ही दोन्ही वस्तुरूप दाने. सवलत शून्य.

आणि विनोबा! आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले. नंतर तेरा-चौदा वर्षे हा माणूस पायी हिंडला आणि देशभरात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. जगाच्या इतिहासात वस्तुरूप दानाची एवढी मोठी मोहीम दुसरी आढळणार नाही. पण त्यातली पुष्कळशी जमीन खडकाळ, पडीक किंवा भाऊबंदकीच्या भांडणात अडकलेली निघाली. काहींनी आपली नव्हे तीच जमीन दिली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! विनोबांना हे कळत नव्हते असे नाही. दान म्हणजे उपकार नव्हे, दान म्हणजे न्याय्य वाटणी, असे ते पुन्हा पुन्हा सांगत. वाटणीत खडक एकाच्या वाट्याला आणि पाण्याची बाजू दुसऱ्याच्या वाट्याला, हे चालत नाही. आमच्या कोकणात भावाभावांत झालेल्या वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

खरे तर हा रोग विनोबांच्याही हजारो वर्षे आधीचा आहे. कठोपनिषदात वाजश्रवसाची गोष्ट येते. त्याने सर्वस्व दान करायचा यज्ञ केला, आणि दान दिल्या त्या भाकड, म्हाताऱ्या, पुन्हा व्यायची आशा उरली नाही अशा गाई. हेतू काय, तर स्वर्ग मिळावा. म्हणजे त्या काळची करसवलतच म्हणा ना! लहानग्या नचिकेताला ते पाहवले नाही. त्याने बापाला विचारले, मग मला कोणाला देता? एकदा, दोनदा, तीनदा विचारले. बाप रागावून म्हणाला, मृत्यूला. पुढचा सारा उपनिषदातला संवाद त्यातून घडला. मोठमोठे पंडित आत्म्याच्या चर्चेकडे वळतात ते योग्यच आहे. पण मला शिक्षिका म्हणून नेहमी वाटत आले की गोष्टीची सुरुवात विसरू नये. एका मुलाला आपल्या वडिलांच्या दानाची लाज वाटली, तिथून ती सुरू होते.

आता आमच्या भागाकडे येते. रायगड जिल्ह्याला पाऊस नवा नाही आणि पावसाने केलेले घातही नवे नाहीत. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातल्या जांभूळपाड्याची दैना केली. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गाव गेले. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या डोळ्यांसमोरच्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर समाजाची इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह सापडले. सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. लोधिवलीतून तो सुळका दिसतो. त्या आठवड्यात धुक्यातून तो मधूनच दिसे आणि पाहवत नसे.

यांतल्या प्रत्येक वेळी माणसे धावली. ती आपल्या समाजाची पुण्याई आहे, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण प्रत्येक वेळी गठ्ठेही आले. १९८९ साली आम्ही शिक्षक आणि वरच्या वर्गातल्या मुली शाळेत बसून जांभूळपाड्यासाठी आलेले कपडे निवडत होतो. हुक नसलेली पोलकी, एका पायाचा बूट, लग्नातला कोट, लोकरीचे स्वेटर. जुलैच्या पावसात स्वेटर! चांगलेही होते हो, खूप चांगले होते. कुणी कोरे टॉवेल दिले, कुणी नवी चादर घडीसकट दिली. पण निवडण्यात आमचे तीन दिवस गेले. नंतर एका पूरग्रस्त बाईला मी विचारले, अजून काय लागेल? ती म्हणाली, "सगळं दिलं बाई लोकांनी. पाटा-वरवंटा तेवढा कुणी दिला नाही." पाट्यासारखा दगडही पुराने नेला होता आणि तिखट-मीठ वाटायला घरात काही नव्हते. ती रोज शेजारणीकडे जाऊन मिरची वाटून आणत होती. आम्ही तिच्यासाठी पोलक्यांचे ढीग निवडत होतो.

हे फक्त आमच्याकडेच घडले असे नाही. २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची तामिळनाडूतली त्सुनामी, सगळीकडे वापरता न येणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला भिजत पडले. दिल्लीचे अंशू गुप्ता यांनी १९९९ साली 'गूंज' ही संस्था काढली ती कपड्याच्या प्रश्नावरच. त्यांनी हेल्म्ससाहेबांसारखे मधले पाऊल मानले. निवडणे, धुणे, दुरुस्त करणे, आणि मग ते कपडे गावात भीक म्हणून न वाटता गावकऱ्यांनी गावासाठी केलेल्या कामाच्या, विहिरीच्या, बांधाच्या, रस्त्याच्या मोबदल्यात देणे. जुन्या सुती कापडाचे त्यांनी स्त्रियांसाठी मासिक पाळीचे पॅड बनवले. २०१५ साली अंशू गुप्तांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या आज्या मऊ लुगडे बाळंतिणीसाठी जपत, त्याच शहाणपणाचे हे मोठे रूप आहे असे मला वाटते.

आणखी एक प्रसंग सांगते. मी नोकरीत असताना, निवृत्तीच्या थोडे आधी, एका मोठ्या कार्यालयाने आमच्या शाळेला पाच संगणक भेट दिले. हार-तुरे झाले, फोटो झाला. पाचांतले तीन सुरूच झाले नाहीत आणि चौथा पावसाळ्यात बंद पडला. बाहेरच्या माणसाला वाटेल, मग फेकून द्यायचे! शाळेत तसे होत नाही. वस्तू आली की ती डेडस्टॉक रजिस्टरला चढते. एकदा चढली की निर्लेखनाचा प्रस्ताव, मंजुरी, लिलाव असे सगळे सोपस्कार झाल्याशिवाय ती उतरत नाही. ती चार खोकी आमच्या प्रयोगशाळेचे अर्धे टेबल अडवून कित्येक वर्षे बसली होती. कार्यालयाची खोली रिकामी झाली आणि आमची भरली. कुणी कुणाला काय दिले, याचा हिशेब मुलांनी बरोबर केला होता. एका मुलाने त्या खोक्यांवर खडूने लिहिले होते, 'आमच्या येथे जुने सामान ठेवून मिळेल'. मुख्याध्यापक रागावले. मी मात्र मनातल्या मनात त्याला दहापैकी दहा दिले.

तर मंडळी, या सगळ्यावरून मला काय वाटते ते सांगते. आयकर खाते जुन्या वस्तूंना सवलत देत नाही, यावर पूर्वी मी चिडले असते. आता तितकी चिडत नाही. सवलत असती तर घरातली अडगळ काढायला आणखी एक कारण मिळाले असते आणि पाटा-वरवंट्यावाल्या बाईच्या दारात आणखी चार गठ्ठे पडले असते. आवळा देऊन कोहळा काढायची आपली हौस दांडगी आहे. पण या नियमाची दुसरी बाजूही खरी आहे. ज्याच्याकडे धनादेश आहे त्याचे दान कायद्याला दिसते. मुष्टिफंडातली मूठ, लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र, पुराच्या दिवशी शेजारणीला वापरू दिलेला पाटा, हे कायद्याला दिसत नाही. कायद्याला दिसत नाही म्हणून ते लहान ठरत नाही, एवढे मात्र आपल्या मुला-नातवंडांना सांगत राहायला हवे.

आता घरच्यांसाठी थोडे व्यवहाराचे. कारण नुसते तत्त्वज्ञान सांगितले की आमच्याकडची पुरुष मंडळी जांभया देतात!

पावती हवीच असेल तर इंग्रजांची युक्ती इथेही चालते. सामान विका आणि आलेले पैसे दान करा. घरच्या वापराच्या साध्या वस्तू, म्हणजे भांडी, कपाट, खाट, विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रे, पुराणवस्तू यांना मात्र ही मोकळीक नाही. पैसे देताना दोन हजारांच्या वर रोख देऊ नका. २०१७ च्या एप्रिलपासून त्यापुढच्या रोख देणगीला सवलत नाही, पूर्वी ही मर्यादा दहा हजार होती. धनादेशाने किंवा बँकेतून द्या. संस्थेला सवलतीची मान्यता आहे का ते आधी पाहा. २०२१-२२ पासून संस्थेला देणग्यांची माहिती खात्याला कळवावी लागते आणि तुम्हाला ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते, नुसत्या छापील पावतीवर भागत नाही. आणि मुख्य म्हणजे, ही सवलत जुन्या करपद्धतीतच आहे. २०२३-२४ पासून आपण काही न सांगितल्यास नवी पद्धत धरली जाते, आणि तिच्यात ही वजावट नाही.

मिळते तरी किती ते पाहा. अर्ध्या सवलतीच्या संस्थेला हजार रुपये दिलेत तर पाचशे उत्पन्नातून वजा होतात. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे त्यात, उपकर धरून, एकशे चार रुपये वाचतात. मुख्यमंत्री साहाय्यता निधीसारख्या पूर्ण सवलतीच्या ठिकाणी दिलेत तर दोनशे आठ. हा आकडा पाहिल्यावर पुतण्याला म्हटले, एवढ्यासाठी आईच्या भांड्यांची यादी करत बसू नकोस.

जाऊबाईंच्या घराचे आम्ही शेवटी असे केले. लोखंडी कपाटे आणि मोठी पितळी भांडी विकली, आणि ते पैसे सुना-मुलांनी त्यात भर घालून एका मुलींच्या वसतिगृहाला बँकेतून पाठवले. पुस्तके वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना घरी बोलावून दाखवली. त्यांनी साठ निवडली आणि बाकीची नको म्हणाल्या. मला फार बरे वाटले. नको म्हणू शकणाऱ्याला दिले की आपल्यालाही देण्याचा मान राहतो. चांगल्या साड्या त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या दोघींनी स्वतः निवडून घेतल्या. उरलेल्या सुती साड्यांच्या, आमच्या वाडीतली एक ठाकर बाई सुंदर टाके घालते तिच्याकडून, मजुरी देऊन सहा गोधड्या शिवून घेतल्या. घरातल्या सहा नातवंडांना एकेक.

त्यातली एक न्यू जर्सीला गेली आहे. तिची पावती आम्ही घेतलेली नाही.